कुलूप अमेरिकेत, फोन कोल्हापुरात

पत्र थोडक्यात असं: राजारामपुरीत राहणाऱ्या एका निवृत्त मुख्याध्यापिकांचा भाचा न्यू जर्सीत नोकरीला आहे. मे महिन्यात तो कोल्हापूरला आला आणि जाताना आपला वापरातला आयफोन १३ आत्याच्या हातात ठेवून गेला. बाई लिहितात, "तो इथं होता तोवर फोनला रेंज होती. आमच्या गच्चीवर उभं राहून त्यानं ऑफिसला फोन लावलेत. तो गेल्यावर आमचं सिम घातलं तर ‘सिम नॉट सपोर्टेड’ असं येतंय. एका दुकानदारानं ‘लॉक आहे, साडेचार हजारांत सर्व्हरवरून काढून देतो’ म्हणून पाचशे रुपये ॲडव्हान्स घेतला. दुसरा म्हणतो, नऊशेत चिप बसवून देतो. आमच्या ह्यांचं म्हणणं, फोन चोरीचा नाहीतर बिघडलेला असणार, फुकटचं ते असंच असतं. मुलगा म्हणतो, साडेचार हजार दे आणि मोकळी हो. भाच्याला सांगायला जीभ रेटत नाही. वाड्याच्या वाटणीवरून माझं आणि भावाचं कितीतरी वर्षं बोलणं नव्हतं, ते या पोरानं जुळवून आणलं. त्याला कुठल्या तोंडानं सांगू की तुझी भेट चालत नाही? तो विचारतो तेव्हा मी ‘छान चालतोय’ म्हणते. काय करू?"

बाई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही सहज लिहून गेलात. तो इथं होता तोवर फोनला रेंज होती. म्हणजे फोन धडधाकट आहे. भाचा गच्चीवरून बोलत होता तेव्हा आत त्याचं अमेरिकेचं सिम होतं आणि ते इथल्या टॉवरवर रोमिंगनं चालत होतं. नेटवर्क लॉक असलेला फोन टॉवर कुणाचा आहे हे बघत नाही, सिम कुणाचं आहे एवढंच बघतो. प्रत्येक सिमच्या पोटात एक पंधरा आकडी क्रमांक असतो, आपल्या मोबाईल नंबरपेक्षा वेगळा. त्याचे पहिले तीन आकडे देशाचे. भारताचे ४०४ किंवा ४०५, अमेरिकेचे ३१० आणि त्यापुढचे काही. नंतरचे दोन-तीन आकडे कंपनीचे. फोन चालू होताना हे आकडे वाचतो आणि आपल्याला ज्या कंपनीला बांधलंय तिचे नसतील तर सिम नाकारतो. तुमचं सिम ४०४ किंवा ४०५ नं सुरू होतं, एवढाच त्याचा गुन्हा.

तुमच्या भाच्यालाही हे ठाऊक नसण्याची शक्यता दाट आहे. त्यानं त्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम कधी घातलंच नसेल तर लॉक त्याला दिसणार कुठून? तिथं चालत होता, कोल्हापुरात चालला, सिम काढलं आणि तुम्हाला दिला.

आता तुमच्या ह्यांची शंका. चोरीची तक्रार झालेला फोन तिथल्या कंपन्या आपल्या नेटवर्कवर बंद करतात. हा फोन भाच्याच्या नावावर तिथं चालत होता, त्याचंच सिम घेऊन इथंही चालला. लॉक असण्यावरून चोरीचा संशय घेण्यासारखं काही नाही. झालाच तर अंदाज उलटा बांधता येतो, की फोन थेट मोबाईल कंपनीकडून घेतलेला आहे. अमेरिकेत बहुतेक जण महागडा फोन रोखीनं घेत नाहीत. मोबाईल कंपनीच तो देते आणि २४ किंवा ३६ महिन्यांच्या बिलात थोडे थोडे पैसे लावून घेते. गिऱ्हाईक मध्येच दुसरीकडे जाऊ नये म्हणून फोनला लॉक.

कोल्हापूरकराला हे सातबारावरून चटकन समजेल. सोसायटीचं कर्ज काढलं की उताऱ्यावर बोजा चढतो. कर्ज फिटलं तरी तो आपोआप उतरतोच असं नाही. सोसायटीचा बेबाकी दाखला घेऊन तलाठ्याकडे जावं लागतं. दाखला द्यायचा अधिकार सोसायटीलाच, आणि तो मागायचा कर्जदारानं. चावडीबाहेर उभा असलेला एखादा ‘साडेचार हजार द्या, बोजा उतरवून देतो’ म्हणाला तर तुम्ही त्याला काय म्हणाल, हे मला वेगळं लिहायला नको.

(आपल्याला हा प्रकार नवा वाटतो, पण आपणही लॉक फोन वापरलेत. २००३ मध्ये ५०१ रुपयांत रिलायन्सचा मोबाईल घरोघरी आला, तो रिलायन्सशिवाय कशावरच चालत नव्हता. २०१७ चा जिओफोन १,५०० रुपयांच्या डिपॉझिटवर मिळायचा आणि जिओचंच सिम घ्यायचा. आपण फोन आणि सिम वेगवेगळं घेतो म्हणून विसरून गेलो, इतकंच.)

आधी खात्री करून घ्या. फोनमध्ये सेटिंग्ज उघडा, तिथं जनरल, त्यात अबाउट. खाली सरकत गेलात की ‘कॅरिअर लॉक’ अशी ओळ दिसेल. त्यापुढे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असेल तर फोन मोकळा आहे आणि दोष तुमच्या सिममध्ये शोधायला हवा. ‘सिम लॉक्ड’ असेल तर वर लिहिलं तेच खरं. त्या पानाचा फोटो काढून ठेवा, पुढे लागेल.

मग दुकानांचं. तुमच्या मुलाला वाटतं तसं साडेचार हजार देऊन मोकळं होता येईल का? जुन्या नोकियाच्या काळात हे बरंचसं खरं होतं. फोनला एक कोड असायचा, तो टाकला की लॉक सुटायचं. चुकीचा कोड काही वेळा टाकला तर फोन कायमचा अडकून बसायचा ते वेगळं. आयफोनमध्ये टाकायला असा कोडच नसतो. कोणता फोन लॉक आणि कोणता मोकळा याची नोंद ॲपलच्या सर्व्हरवर असते, आणि ती बदला असं ॲपलला सांगू शकते ती फोन विकणारी मोबाईल कंपनी. ॲपलच्या दुकानात गेलात तरी ते तुम्हाला कंपनीकडेच पाठवतील.

मग दुकानदार ‘सर्व्हरवरून’ काय करतो? तुमच्या फोनचा आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनला दिलेला त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, घेतो आणि कुणा मध्यस्थाला पाठवतो. तो आणखी पुढच्याला. या साखळीच्या शेवटी कोण बसलंय हे स्टेशन रोडवरच्या दुकानदाराला माहीत नसतं, आणि माझा त्याच्यावर तेवढा राग नाही. पण शेवटी कोण असू शकतं याचं एक उदाहरण कोर्टाच्या कागदावर आहे. एटी अँड टी या कंपनीच्या वॉशिंग्टन राज्यातल्या कॉल सेंटरमधल्या माणसांना लाच देऊन एक टोळी काही वर्षं फोन अनलॉक करून घेत होती. पुढे त्यांनी कंपनीच्या संगणकांत स्वतःचं सॉफ्टवेअर घुसवलं. सुमारे १९ लाख फोन असे मोकळे झाले आणि कंपनीला २० कोटी डॉलरहून जास्त फटका बसला. २०२१ मध्ये सिएटलच्या न्यायालयानं म्होरक्याला १२ वर्षांची शिक्षा दिली. त्या १९ लाखांतले कितीतरी फोन तुमच्यासारख्याच साध्या माणसांच्या हातात असतील, ज्यांनी दुकानात पैसे मोजले आणि ‘झालं काम’ म्हणून घरी गेले.

आणि तुमच्या फोनचे हप्ते बाकी असतील तर मध्यस्थालाही ‘होत नाही’ असंच उत्तर मिळेल. ॲडव्हान्स मात्र तुमचा गेलेला असेल. म्हणून मुलाला आजच पाठवा आणि पाचशे परत मागा. काम झालेलं नाही, आयएमईआय पुढे पाठवला नसेल तर दुकानदाराचाही खर्च झालेला नाही. कोल्हापुरात आवाज न चढवता मागितलेले पैसे सहसा परत मिळतात, चढवून मागितले की गल्ली गोळा होते.

नऊशेची चिप म्हणजे सिमच्या खाली बसणारी कागदासारखी पातळ पट्टी. ती सिम आणि फोन यांच्या मध्ये बसून फोनला थाप मारते की आतलं सिम अमेरिकेचंच आहे. फोन काही दिवस चालतोही. मग ॲपलचं एखादं अपडेट येतं आणि रेंज जाते. परत दुकान, परत सेटिंग. शिवाय ई-सिमला, म्हणजे फोनच्या आतच असलेल्या, हातानं न काढता येणाऱ्या सिमला, ही पट्टी बसवताच येत नाही. तुमचं पेन्शन, बँकेचा ओटीपी, गुगल पे हे सगळं एका सिमवर असणार. यूपीआय ॲप सुरुवातीला त्याच सिमवरून एसएमएस पाठवून पडताळणी करतं. ज्या फोनची रेंज एका अपडेटच्या भरवशावर आहे त्यात ते सिम घालू नका. माझं मत विचाराल तर चिप हा या सगळ्यातला सर्वांत वाईट पर्याय आहे, आणि तो स्वस्त असल्यामुळेच सर्वांत जास्त खपतो.

एक गोष्ट मात्र दुकानात कुणालाही करू देऊ नका. फोन पूर्ण पुसून ‘रिसेट मारणं’. लॉक असलेला आयफोन पुसला की तो पुन्हा चालू होताना चालणारं सिम मागू शकतो. भाच्याचं ॲपल खातं अजून आत असेल तर त्याचा पासवर्डही मागेल. ते कुलूप आणखी वेगळं, फोन हरवला तर दुसऱ्याच्या उपयोगी पडू नये म्हणून लावलेलं. आज घरच्या वायफायवर निदान फोटो बघताय, तेही बंद होईल.

राहता राहिला भाचा. खरं तर तुमचं पत्र फोनबद्दल कमी आणि याबद्दल जास्त आहे, असं मला दोनदा वाचल्यावर वाटलं.

तुम्ही धरून चाललात की ‘फोन चालत नाही’ हे त्याला तक्रारीसारखं ऐकू येईल. तुमच्या घरातल्या जुन्या दुखण्यामुळे तसं वाटणं मी समजू शकतो. वाटणीच्या भांडणानंतर माणूस प्रत्येक देण्याघेण्याकडे जपून बघतो, कुणाला काय लागेल याचा हिशेब मनात चालू राहतो. पण जरा त्याच्या बाजूनं बघा. आत्या आणि बाप यांना एका पंगतीला बसवणारा पोरगा, त्याला फोनच्या एका सेटिंगनं वाईट वाटेल? तो पुन्हा पुन्हा ‘आत्या, फोन कसा चालतोय’ विचारतो, ते कौतुक ऐकायला विचारत असेल की काही अडलं का हे बघायला? आणि उद्या त्याला हे तुमच्या मुलाकडून कळलं, की आत्यानं राजारामपुरी ते स्टेशन रोड पालथा घातला, पैसे भरले आणि मला ‘छान चालतोय’ म्हणत राहिली, तर लागेल ते त्याचंच. ज्या घरात न बोलण्यानं इतकी वर्षं गेली तिथं पुन्हा न बोलण्याचा मार्ग धरू नये, असं मला वाटतं.

दुसरं म्हणजे इथं तुमच्या संकोचाला वावच नाही. अनलॉकची विनंती सहसा ज्याच्या नावावर खातं आहे त्यानंच टाकायची असते, म्हणजे किल्लीपर्यंत सहज पोचू शकणारा तोच. काम घरबसल्या होतं, बहुधा फुकट होतं. तेव्हा त्याला असं लिहा, किंवा याहून बरं तुमच्या भाषेत:

‘बाळा, फोन मला फार आवडलाय, फोटो तर सुरेख येतात. मागे छान चालतोय म्हटलं ते घरच्या वायफायवर. आपलं सिम त्यात चालत नाही, तुझ्या तिकडच्या कंपनीचं लॉक दिसतंय. सेटिंगचा फोटो पाठवलाय. तुझ्या खात्यातून अनलॉकची विनंती टाकशील का? हप्ते बाकी असतील तर तसं सांग, घाई मुळीच नाही.’

शेवटचं वाक्य गाळू नका. हप्ते बाकी असतील तर ते सांगायला त्यालाच अवघड जाईल, त्याची वाट तुम्ही आधीच मोकळी केलेली बरी. निरोप आपल्या रविवारी सकाळी पाठवा, तिकडे शनिवारची रात्र असते, निवांत वाचेल.

त्यानं काय करायचं? आपल्या कंपनीच्या वेबसाइटवर किंवा ॲपमध्ये ‘डिव्हाइस अनलॉक’ शोधायचं आणि फोनचा आयएमईआय टाकायचा. तो तुम्ही स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असं डायल करून किंवा त्याच अबाउटच्या पानावर बघून पाठवा. पंधरा आकडी असतो. एटी अँड टीची अट अशी की फोन त्यांच्या नेटवर्कवर किमान ६० दिवस चाललेला असावा, पैसे पूर्ण फिटलेले असावेत आणि चोरीची किंवा फसवणुकीची नोंद नसावी. टी-मोबाईल बिलावरच्या गिऱ्हाइकाला ४० दिवस लावतं, प्रीपेडला जवळपास वर्ष. कंपन्या या अटी बदलत असतात, त्यामुळे त्यानं त्या दिवशीचं पान वाचूनच विनंती टाकावी. २०१४ पासून अमेरिकेत अनलॉकिंगला कायद्याचा आधार आहे. यात चोरटं काही नाही, हे तुमच्या ह्यांनाही वाचून दाखवा.

मंजुरी आली की फोन बंद करा, तुमचं सिम घाला, वायफाय चालू ठेवून फोन सुरू करा. कॅरिअर लॉकपुढे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ आलं की झालं. नाहीच आलं तर सगळ्याचा बॅकअप घेऊन फोन पुसून पुन्हा भरावा लागतो, पण ते भाच्याला व्हिडिओ कॉलवर घेऊनच करा, आणि त्याआधी त्याचं ॲपल खातं फोनमधून काढून घ्या. आयफोन १३ ला इथल्या कुठल्याच कंपनीच्या नेटवर्कची अडचण येत नाही.

आणि हप्ते खरंच बाकी निघाले तर? उरलेले पैसे एकरकमी भरायचे की ते फिटेपर्यंत थांबायचं, हे त्याला ठरवू द्या. तोवर सिम जुन्या फोनमध्ये ठेवा आणि आयफोन वायफायवर वापरा. व्हॉट्सॲप त्यात घ्यायचं असेल तर पडताळणीचा कोड जुन्या फोनवर येईल, तो इकडे टाकायचा. भावाशी व्हिडिओ कॉल करायला सिम लागत नाही.

असं पत्र यंदा तुमचं एकटीचं नाही. मे आणि दिवाळी उलटली की परदेशातून आलेल्या फोनांची गाऱ्हाणी येतातच, म्हणून इतरांसाठी थोडं.

फोन कुठल्या देशातून आला यावर बरंच अवलंबून आहे. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून लॉक फोन विकायला बंदी आहे, जपाननं ऑक्टोबर २०२१ मध्ये आणि ब्रिटननं त्याच वर्षी डिसेंबरात तसं केलं. तिथून अलीकडे घेतलेला नवा फोन सहसा मोकळाच असतो. जुना असेल तर बघून घ्या. अमेरिकेतून घ्यायचाच असेल तर येणाऱ्याला ‘अनलॉक्ड’ म्हणून विकला जाणारा फोनच आणायला सांगा, हप्त्यावरचा नको. आयफोन १४ पासून बऱ्याच अमेरिकन आयफोनना सिमची खाच नसते, सगळं ई-सिमवर. जिओ, एअरटेल, व्ही तिघांकडेही ई-सिम मिळतं, पण घरात ज्येष्ठ माणूस असेल आणि सिम काढून दुसऱ्या फोनात घालायची सवय असेल तर हे आधी सांगितलेलं बरं.

अँड्रॉइडला लॉक असेल तर दुसरं सिम घातल्यावर ‘सिम नेटवर्क अनलॉक पिन’ मागतो. तिथं अंदाजानं आकडे टाकत बसू नका, प्रयत्न मोजलेले असतात. शिवाय लॉक सुटलं म्हणजे सगळं सुटलं असं नाही. जिओकडे टूजी-थ्रीजी नाहीच, तिथं कॉल लागतो तो व्होल्टीईवर, म्हणजे फोरजीवरूनच कॉल लावण्याच्या सोयीवर, आणि परदेशी बाजारासाठी बनवलेल्या काही अँड्रॉइडवर इथलं व्होल्टीई चालत नाही. इंटरनेट पळतं, पण फोन लागत नाही.

‘बाहेरचा माल’ म्हणून इथं जुना फोन विकत घेणाऱ्यांनी दुकानातच स्वतःचं सिम घालून एक कॉल लावून बघावा. नुसत्या रेंजच्या काड्या मोजू नयेत. सिमच्या ट्रेमध्ये पातळ पट्टी चिकटलेली नाही ना, तेही नखानं तपासा. मग १४४२२ वर केवायएम आणि आयएमईआय असा एसएमएस करा, इंग्रजी अक्षरांत. आपल्याकडे चोरीचा म्हणून बंद केलेला फोन असेल तर उत्तरात कळतं. कुणी ‘आयएमईआय बदलून देतो, मग काही अडचण नाही’ म्हणालं तर दुकानातून बाहेर पडा. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

ज्यांची मुलं अमेरिकेत शिकायला गेलीत त्यांनी एवढं करावं. मूल परत यायला निघण्याआधी, तिथलं मोबाईल खातं चालू असतानाच, अनलॉकची विनंती टाकून घ्यायला सांगा. खातं बंद झालं, तिथला नंबर गेला, की कंपनीकडून पडताळणीचा कोड यायचा कुठे हाच पहिला प्रश्न उभा राहतो.